हँडहेल्ड घेताय? आधी वॉटचा हिशोब करा

हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं मशीन, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, सगळ्यात पॉवरफुल कुठलं? माझ्या मते हा प्रश्न तिसरा-चौथा यायला हवा. घरातला पीसी भिंतीतून हवी तेवढी वीज ओढतो, हँडहेल्डला मात्र हातात मावेल एवढीच बॅटरी मिळते आणि तिच्यात जी काही वीज आहे त्यातच स्क्रीन, चिप, रॅम, वायफाय, फॅन सगळ्यांचं भागवायचं असतं. जी पॉवर प्रवासात तासाभरापुढे चालवताच येत नाही तिच्यासाठी वीस-तीस हजार जास्त मोजायचे का, हे आधी ठरवा, आणि त्यासाठी लागणारं गणित पाचवीतल्या भागाकाराएवढंच आहे.

ताकद की बॅटरी, हे भांडण नवं नाहीये. १९८९ मध्ये निंटेंडोचा गेम बॉय आला, हिरवट-करडी स्क्रीन, मागे लाइट नाही, पण चार पेन्सिल सेलवर आरामात दहा तासांच्या वर चालायचा. पुढच्याच वर्षी सेगाने गेम गिअर काढला, रंगीत स्क्रीन, बॅकलाइट, चिपही भारी, आणि सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. विकला कोण गेला? गेम बॉय, त्याच्या कलर मॉडेलसकट ११ कोटी ८० लाखांच्या वर. आजही दुकानात उभं राहिल्यावर आपण जो निर्णय घेतो तो हाच असतो, फक्त सेलच्या जागी वॉट-अवर आलेत (एक वॉट-अवर म्हणजे एक वॉट तासभर पुरवणारी वीज).

पायरी १: कुठे खेळणार ते खरं खरं लिहून काढा

कागदावर लिहा, मनात नको. गेल्या महिन्यात तुमच्याकडे हँडहेल्ड असता तर कुठे कुठे काढला असता? मुंबई लोकलमध्ये उभ्याने? ऑफिसच्या बसमध्ये? रात्री गादीवर पडून? का टीव्ही घरच्यांच्या ताब्यात असतो म्हणून सोफ्यावर? प्रत्येक जागेपुढे दोन गोष्टी लिहा, एका वेळी किती वेळ मिळतो आणि जवळ चार्जिंगचा पॉइंट आहे का.

लोकलच्या गर्दीत उभं राहून खेळणार असाल तर स्टीम डेक (व्हॉल्व्ह कंपनीचं, पीसीचे गेम चालवणारं हँडहेल्ड) विसरा, ते जवळपास ३० सेंटिमीटर लांब आहे आणि दोन्ही हात त्यातच गुंततात. तिथे निंटेंडो स्विच लाइट (२७५ ग्रॅम), नाहीतर मियू मिनी प्लस किंवा ॲनबर्निकच्या आरजी३५एक्सएक्ससारखं साडेतीन इंची रेट्रो (जुने गेम चालवणारं) डिव्हाइस, जे खरंच पँटच्या खिशात जातं, हेच कामाचं. दख्खनच्या राणीने पुणे-मुंबई करणाऱ्याचा हिशोब वेगळा, त्याला बसायला जागा आहे आणि सव्वातीन तासांच्या आसपास वेळ आहे, म्हणजे डिव्हाइस मोठं चालेल पण बॅटरी तीन तास टिकलीच पाहिजे. आणि जो फक्त घरातच खेळणार, चार्जर हाताशी, त्याने खुशाल वजनदार आणि ताकदवान मशीन घ्यावं, त्याच्यासाठी बॅटरीचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

बहुतेक लोक "सगळीकडे खेळणार" असं लिहितात. मग सगळ्यात जास्त वेळ कुठे जाईल तेवढीच एक जागा धरा आणि पुढे चला.

पायरी २: वॉट-अवर भागिले वॉट

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे म्हणून इथे जरा वेळ काढू.

बॅटरीची खरी साइज वॉट-अवरमध्ये बघायची, एमएएचमध्ये नाही, कारण त्यात व्होल्टेज धरलेलं नसतं. निंटेंडोच्या स्विच २ ची बॅटरी ५२२० एमएएच आहे आणि पहिल्या स्टीम डेकचे एमएएचही साधारण तेवढेच भरतात, पण डेकमध्ये दोन सेल सिरीजमध्ये जोडलेत त्यामुळे व्होल्टेज दुप्पट, म्हणून डेकची बॅटरी ४० वॉट-अवर आणि स्विच २ ची २० च्या आसपास. एमएएच बघून तुलना केली असती तर दोन्ही सारख्याच वाटल्या असत्या.

आता भागाकार. डेकची चिप जास्तीत जास्त १५ वॉट घेते, पण ते फक्त चिपचं झालं. स्क्रीन, रॅम, एसएसडी, वायफाय, फॅन यांचे आणखी सात ते दहा वॉट वरून लागतात. म्हणजे जड गेमला एकूण २२ ते २५ वॉट. ४० भागिले २५, एक तास छत्तीस मिनिटं. व्हॉल्व्हने स्वतः पहिल्या डेकसाठी २ ते ८ तास सांगितलेत, त्यातले २ जड गेमचे आणि ८ हलक्या गेमचे. हलका टू-डी गेम, शेतीवाला स्टारड्यू व्हॅली घ्या, एकूण सहा-सात वॉटमध्ये चालतो, तिथे तेच डिव्हाइस सहा तास जातं.

आसुसचं आरओजी ॲलाय २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आलं, बॅटरी तीच ४० वॉट-अवर, पण टर्बो मोडमध्ये चिप एकटी २५ वॉट घेते. बाकीचे दहा धरले तर ३५ झाले, म्हणजे तास-सव्वा तासात खेळ खलास. तक्रारी एवढ्या झाल्या की २०२४ च्या ॲलाय एक्समध्ये बॅटरी थेट दुप्पट केली, ८० वॉट-अवर, आणि वजन ६०८ वरून ६७८ ग्रॅम झालं. सत्तर ग्रॅममध्ये दुप्पट वेळ, हा सौदा मला आजही या सगळ्या बाजारातला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

स्विच २ ची गंमत बघा, निंटेंडो सांगते २ ते साडेसहा तास, म्हणजे २० वॉट-अवर दोन तासांत संपवायचे तर पूर्ण डिव्हाइस १० वॉटच्या आसपास चालतं. एवढ्याशा विजेत ते जे गेम चालवतं ते चालतात कारण गेम त्याच एका हार्डवेअरसाठी घासूनपुसून बनवलेले असतात आणि एनव्हिडियाचं डीएलएसएस छोटं चित्र मोठं करून दाखवतं. पीसी हँडहेल्डवर गेम कुठल्याही पीसीसाठी बनवलेला असतो, ती घासपूस आपल्याला करावी लागते (पायरी ६ त्यासाठीच आहे).

कुठलंही मॉडेल बघताना एवढंच करा: वॉट-अवर लिहा, चिपच्या वॉटमध्ये आठ ते दहा मिळवा, भागाकार करा, आणि पायरी १ मध्ये लिहिलेल्या वेळेशी ताडून बघा.

पायरी ३: पिक्सेल मोजा, इंच नंतर

लेनोवोच्या पहिल्या लीजन गोची स्क्रीन ८.८ इंची, २५६० बाय १६००. डेकची १२८० बाय ८००. दोन्ही बाजू दुप्पट म्हणजे पिक्सेल चौपट, १० लाखांच्या जागी ४० लाख, आणि ते सगळे दर सेकंदाला साठ वेळा रंगवायचे त्याच छोट्याशा चिपने. होत नाही. म्हणून लीजन गोवर लोक जड गेम १२८० बाय ८०० वरच खेळतात, मग त्या स्क्रीनचे पैसे कशाला दिले? लेनोवोनेही पुढे लीजन गो एस आणि लीजन गो २ मध्ये १९२० बाय १२०० वर उतरून हे कबूलच केलं असं मी मानतो.

सात-आठ इंचांवर ८००पी नीट दिसतं, १०८०पी छान दिसतं, त्याच्या वर डोळ्याला फार फरक कळत नाही. त्यापेक्षा व्हीआरआर (स्क्रीनने स्वतःचा वेग गेमशी जुळवून घेणं) आहे का बघा, कारण हँडहेल्डवर फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, दिसतात) सतत ४५-५५ मध्ये हलत राहतो आणि व्हीआरआर असलं की ते हलणं जाणवत नाही. ओलेड स्क्रीन (जिचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) मिळत असेल तर घ्या, अंधाऱ्या गेममध्ये वीजही कमी खाते.

पायरी ४: वजनाची घरी परीक्षा

स्पेसिफिकेशनमध्ये ६४० आणि ८५४ ग्रॅम वाचताना काहीच वाटत नाही. सातशे मिलिलीटर पाणी भरलेली बाटली घ्या, आडवी दोन हातांत धरा, कोपर कुठेही न टेकवता वीस मिनिटं बसा. मग पाणी थोडं वाढवून परत बसा. मनगट आणि अंगठ्याच्या मुळाशी काय होतं ते कळेल, आणि गादीवर पाठीवर पडून तोंडासमोर धरायचं असेल तर तसंही करून बघा.

वजनं सांगतो: स्विच २ दोन्ही बाजूंच्या जॉय-कॉन कंट्रोलरसकट ५३४ ग्रॅम, डेक ओलेड ६४०, ॲलाय एक्स ६७८, एमएसआय क्लॉ ८ एआय प्लस ७९५, पहिलं लीजन गो ८५४, लीजन गो २ तर ९२० च्या घरात. ग्रिपचा आकार चांगला असेल तर पन्नास-साठ ग्रॅम इकडेतिकडे चालून जातात, डेक आकाराने धिप्पाड असूनही हातात बरं बसतं ते त्यामुळेच. ८०० च्या वर मात्र मांडीवर उशी घेतल्याशिवाय तासभर खेळणं मला तरी जमत नाही.

या शर्यतीचं टोक बघायचं असेल तर जीपीडी विन ५ बघा. त्यात एएमडीची रायझन एआय मॅक्स चिप बसवलीये, जी ७५ वॉटपर्यंत जाते, आणि एवढ्या भुकेल्या चिपसोबत बॅटरी आत मावेना म्हणून ८० वॉट-अवरची बॅटरी बाहेरच काढली, पाठीवर लावा नाहीतर वायरने जोडून बाजूला ठेवा. इंजिनिअरिंग म्हणून मला ते प्रचंड आवडतं, पण त्याला पोर्टेबल म्हणणं जड जातं.

पायरी ५: चिप कमी वॉटवर काय करते ते बघा

रिव्ह्यूमधले बेंचमार्क (वेगाच्या चाचण्यांचे आकडे) बहुतेक २५-३० वॉटवरचे असतात, म्हणजे प्लग लावलेले. तुम्ही बाहेर खेळणार १० ते १७ वॉटवर. तिथे चित्र वेगळं असतं.

चिपचा क्लॉक, म्हणजे वेग, वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून १५ वरून ३० वॉटवर गेलं की फ्रेम दुप्पट होत नाहीत, बऱ्याच गेममध्ये दीडपटही होत नाहीत, उष्णता आणि फॅनचा आवाज मात्र पुरेपूर वाढतो. उलट बाजूलाही हेच लागू आहे. ॲलायमधली झेड१ एक्स्ट्रीम आठ कोअरची, डेकमधली चिप चारच कोअरची आणि जुनी, पण १० वॉटच्या आसपास दोघींना खेळवलं तर डेक बरोबरीने चालतं, कधी पुढेही जातं, कारण ती चिप मुळातच कमी विजेसाठी बनवलीये आणि मोठ्या चिपचं नुसतं जागं राहण्याचंच बिल जास्त येतं. इंटेलच्या लुनार लेकवाल्या क्लॉ ८ एआय प्लसचं कमी वॉटवरचं काम चांगलं आहे, शिवाय बॅटरी ८०, म्हणून वजन चालणार असेल तर ते यादीत ठेवा.

ऑपरेटिंग सिस्टीमही इथेच बघायची. डेकमधल्या, व्हॉल्व्हच्याच स्टीमओएसवर पॉवर बटण दाबलं की गेम आहे तिथे झोपतो आणि परत दाबलं की दोन-चार सेकंदांत उठतो, बसचा स्टॉप आला की बटण दाबायचं आणि उतरायचं. विंडोजवर झोपवलेलं मशीन बॅगेत आपोआप जागं होऊन गरम झालेलं, बॅटरी उतरलेली, हे बऱ्याच जणांच्या वाट्याला आलेलं आहे, तिथे हायबरनेट (चालू काम एसएसडीवर ठेवून मशीन पूर्ण बंद करणं) लावून ठेवा, उठायला वेळ लागतो पण भरवसा असतो. मात्र व्हॅलोरंट, फोर्टनाइट असले अँटी-चीटवाले (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर असलेले) गेम स्टीमओएसवर चालत नाहीत, जीटीए ऑनलाइनही सप्टेंबर २०२४ पासून बंद झालं. तुमचा मुख्य गेम यातला असेल तर पीसी हँडहेल्डमध्ये विंडोजवालंच घ्यावं लागेल.

खरेदीचं थोडक्यात: व्हॉल्व्ह स्टीम डेक भारतात अधिकृतपणे विकत नाही, निंटेंडोचंही इथे अधिकृत दुकान नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन इंपोर्टवाल्याकडे मिळतात, अमेरिकेतला मामेभाऊ येताना आणतो, पण बिघडलं तर वॉरंटी इथे लागू होत नाही. आसुस, लेनोवो, एमएसआय यांची इथे सर्व्हिस आहे. इंपोर्टवाला "दुकानाची वॉरंटी" म्हणाला तर त्यात बॅटरी आणि स्टिकचा ड्रिफ्ट (हात न लावता स्टिक सरकल्यासारखं होणं) धरलाय का ते बिलावरच लिहून घ्या.

पायरी ६: घेतल्यावर प्रत्येक गेमला वॉट बसवून द्या

इथे अर्धा तास घातला तर बॅटरी दीडपट चालते. डेकवर सांगतो, ॲलायवर आर्मरी क्रेटमध्ये आणि लीजनवर लीजन स्पेसमध्ये हेच सगळं वेगळ्या जागी सापडेल.

उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण दाबा, बॅटरीचं चिन्ह असलेल्या परफॉर्मन्सच्या टॅबवर जा, ओव्हरले (गेमवर दिसणारी आकड्यांची पट्टी) दुसऱ्या लेव्हलवर करा. आता स्क्रीनच्या वर एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) आणि बॅटरीतून जाणारे वॉट दिसायला लागतील, यापुढे नजर त्या वॉटवर ठेवायची. "या गेमसाठी वेगळं प्रोफाइल" हे चालू करा, नाहीतर एका गेमचं सेटिंग सगळ्यांना लागेल.

मग गेममधली सगळ्यात गजबजलेली जागा गाठा. विचर ३ असेल तर नोव्हिग्राडचा बाजार. मोकळ्या माळरानावर ट्यूनिंग करून काही उपयोग नाही, शहरात शिरलं की फ्रेम पडणार. तिथे उभं राहून आधी शॅडो दोन पायऱ्या खाली आणा, मग ॲम्बियंट ऑक्लूजन (कोपऱ्यांतल्या बारीक सावल्या), रिफ्लेक्शन, धुकं, केसांचे इफेक्ट. टेक्स्चर खाली आणू नका, ते मेमरी खातं, वीज फारशी खात नाही, आणि ते कमी केलं की गेम लगेच पातळ दिसायला लागतो. गेममध्ये एफएसआर (डीएलएसएससारखंच छोटं चित्र मोठं करणारं तंत्र) असेल तर क्वालिटीवर ठेवा, सात इंचांवर त्याचा फटका कमी दिसतो.

आता फ्रेम ४० वर लॉक करा. साठच का नको? ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद, ३० ला ३३.३, आणि बरोबर मधला आकडा २५ मिलिसेकंद म्हणजे ४० एफपीएस. ३० च्या वर फक्त दहा फ्रेम दिसतात पण अनुभवाने तुम्ही ६० च्या अर्ध्या वाटेवर पोचलेले असता, आणि चिपला साठच्या दोन तृतीयांशच काम. डेकच्या एलसीडीवर स्क्रीनही ४० हर्ट्झवर जाते, १२० हर्ट्झच्या ॲलायवर प्रत्येक फ्रेम तीनदा दाखवून तेच साधतं, डेक ओलेडवर स्क्रीन ९० ची असल्यामुळे ४५ छान बसतं.

शेवटी टीडीपी लिमिट (चिपने जास्तीत जास्त किती वॉट घ्यायचे ती मर्यादा) चालू करा, १५ पासून एकेक वॉट खाली या, प्रत्येक पायरीवर त्या बाजारात एक चक्कर मारा. ज्या आकड्यावर फ्रेम ४० च्या खाली लटपटायला लागल्या त्याच्या एक वर थांबा. समजा एकूण खर्च २२ वॉटवरून १४ वर आला, तर ४० वॉट-अवरवर एक तास एकोणपन्नास मिनिटांचे दोन तास एकावन्न मिनिटं झाले, म्हणजे दख्खनच्या राणीत लोणावळ्याच्या पुढे कुठेतरी बंद पडणारं मशीन आता ठाण्यापर्यंत येतं. ब्राइटनेस निम्म्यावर आणा, ऑफलाइन गेम असेल तर एअरप्लेन मोड लावा, आणखी वॉट-दीड वॉट सुटतो.

मोठमोठ्या कंपन्यांनीही हेच केलंय. सोनीच्या पीएसपीची चिप ३३३ मेगाहर्ट्झची होती पण बॅटरीसाठी गेमना बरीच वर्षं २२२ वरच बांधून ठेवलं होतं, २००७ च्या फर्मवेअरमध्ये ती गाठ सोडली.

घरात ताकदवान पीसी किंवा पीएस५ असेल तर एक मधली वाट आहे, स्ट्रीमिंग. गेम तिकडे चालतो, हँडहेल्ड फक्त व्हिडिओ उलगडतो, त्यामुळे जड गेमही थोड्या वॉटमध्ये निघतो. मूनलाइट ॲप किंवा स्टीमचं रिमोट प्ले वापरा, पीसी राउटरला केबलने जोडा आणि हँडहेल्ड ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर. प्लेस्टेशन पोर्टल या एकाच कामासाठी बनवलंय. घराबाहेर मात्र यावर विसंबू नका, घाटातल्या बोगद्यांत नेट गेलं की गेम गेला.

पायरी ७: ऊन, चार्जर, पॉवर बँक

व्हॉल्व्ह सांगते की डेक ० ते ३५ डिग्रीत नीट चालतं. आपल्याकडे मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला ४५ होतं, आणि चिप १०० डिग्रीला पोचली की स्वतःचा वेग कमी करते, १०५ ला डिव्हाइस बंद. विदर्भ-मराठवाड्यातल्या मित्रांनी उन्हाळ्याचं वेगळं प्रोफाइल करून ठेवावं, टीडीपी १० च्या आत, फ्रेम ३० वर. डेक हवा पाठीकडून ओढतं आणि वरून सोडतं, म्हणून गोधडीवर किंवा मांडीवरच्या चादरीवर टेकवून खेळू नका, पाठीमागची जाळी मोकळी पाहिजे. बंद गाडीत तर ठेवूच नका.

पॉवर बँक घेताना पीडी (यूएसबी-सीवरचं फास्ट चार्जिंग) आउटपुट बघा, डेकला ४५ वॉट, ॲलायला ६५. साध्या २२ वॉटवाल्या पॉवर बँकवर जड गेम खेळलात तर चार्ज वाढायचं सोडाच, टक्के हळूहळू खाली जातात. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, त्यातले कन्व्हर्जनमध्ये काही जातात, साठ-बासष्ट हाती लागतात, म्हणजे ४० वॉट-अवरचं डेक एकदा पूर्ण आणि वर अर्धं. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बँक परवानगीशिवाय नेता येते, तीही केबिन बॅगेतच, आणि उड्डाणात तिच्यावर चार्जिंग करता येईल असं धरू नका, तेव्हा डिव्हाइस घरूनच भरून निघा. रेल्वेच्या डब्यातला पॉइंट रात्री कित्येकदा बंद असतो, त्याच्या भरवशावर रात्रीच्या प्रवासाचं प्लॅनिंग करू नका.

घरात कायम प्लग लावून खेळत असाल तर चार्ज ८० टक्क्यांवर बांधा, ही सोय ॲलायला आहे आणि डेकला स्टीमओएस ३.७ पासून आली. सतत १०० टक्के आणि वरून उष्णता, या दोन गोष्टींनी बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि डेकची बॅटरी आत गोंदाने चिकटवलेली असल्यामुळे बदलणं कटकटीचं काम आहे. परीक्षेसाठी किंवा गावाला जाताना दोन-तीन महिने बंद ठेवायचं असेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवा, डेकच्या बायोसमध्ये (सिस्टीम चालू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) पॉवरखाली बॅटरी स्टोरेज मोड आहे तो लावा, परत आल्यावर चार्जर जोडला की मशीन उठतं.